अकराच्या समोर चौतीस

पोस्टमनकाका माझ्या टेबलापाशी पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना बसा म्हटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला फार चांगली बाई समजायला नको. जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं उरली होती, पंखा बंद होता आणि सकाळपासून कितीतरी माणसं माझ्यासमोर आपापल्या गल्लीचं रडगाणं गाऊन गेली होती.

त्या वर्षी आमच्या नगरपालिकेने नवीन योजना काढली होती. आपल्या भागात पर्यावरणाचं एखादं लहानसं काम व्हावं असं वाटलं तर नागरिकांनी ते सुचवायचं आणि निवडलेल्या कामाला पालिकेने निधी द्यायचा. कुणाला ओढ्याच्या काठाला झुडपं हवी होती, कुणाला गच्चीवरचं पाणी मुरवायला खड्डा. एका गृहस्थांना शेजाऱ्याचं झाड तोडून हवं होतं, आणि तेही पर्यावरणासाठी! हे टेबल माझ्या गळ्यात पडलं, कारण बैठकीला मी उशिरा पोचले. आमच्याकडे कामाची वाटणी अशीच होते.

काकांनी अर्ज पुढे केला. अक्षर बारीक आणि सरळ. ‘गल्लीत दोन बाकं, दोन झाडं. झाडांपुरतं काँक्रीट उकरून माती मोकळी करावी.’ कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होतं: ‘चढावर मध्ये बसायला मिळत नाही, म्हणून काही माणसं निघतच नाहीत.’

“नकाशा जोडायचाय,” मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. जुन्या कॅलेंडरांची पानं फाडून, कोऱ्या बाजूने एकापुढे एक चिकटवलेली. वीतभर रुंद, आणि लांब इतकी की माझं टेबल संपलं तरी ती उलगडतच होती. तिच्यावर एका ओळीत चव्वेचाळीस चौकोन काढले होते आणि प्रत्येक चौकोनात काहीतरी होतं. एकात तीन पायऱ्या, एकात बाहेरून जिना. एकात ‘बेल वाजत नाही, कडी वाजवा’. एकात ‘कुत्रं’, आणि त्याखाली वेगळ्या शाईने ‘गेलं’. अकराव्या चौकोनावर एक लाल झाड आणि त्याखाली बाक होतं, आणि चौतिसाव्या चौकोनावर दुसरं.

“काका, नकाशा असा नसतो.”

“आमचा असाच असतो,” ते शांतपणे म्हणाले, आणि निघून गेले. माझी सुट्टी सुरू झाली होती. मीही काही विचारलं नाही.

आता माझी चूक सांगते. अर्जाच्या मागच्या बाजूला एक रकाना असतो, ‘स्थळपाहणी केली / नाही’. आमच्या विभागाची गाडी एक, आणि तीही बाराही महिने दुरुस्तीला. अर्जांचा ढीग माझ्या हनुवटीपर्यंत आलेला. मी उंटावरून शेळ्या हाकायचं ठरवलं. गुंडाळी जमिनीवर पसरली, पट्टीने मोजली. पहिलं झाड पाव भागावर, दुसरं पाऊण भागावर. दप्तरात गल्लीची लांबी होतीच, तिचा पाव काढला, पाऊण काढला आणि ठेकेदाराला कळवून टाकलं: एक बाक गल्लीच्या पावभर चढावर, दुसरं पाऊण चढावर. ‘केली’वर बरोबरची खूण करून, तारीख टाकून सही ठोकली. वर स्वतःवर खूषही झाले, की बघा, म्हाताऱ्याच्या चित्रातूनसुद्धा मी बरोबर माप काढलं.

सरकारी काम, सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. हे काम पाचव्या महिन्यात झालं. मला वाटलं, आता काका निदान आभाराचं पत्र तरी आणून देतील.

ते आले ते तीच गुंडाळी घेऊन. या वेळी मी बसा म्हटलं, तर ते बसले नाहीत. रागावलेही नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रागावलेल्या माणसांची सवय आहे. हरवलेलं पत्र शोधायला यावं तसा त्यांचा चेहरा होता.

“बाई, बाकं लांब लांब बसली,” ते म्हणाले.

“तुमच्याच नकाशाप्रमाणे बसवलीत,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, कारण त्या सहीची आठवण मला तेवढ्यात झाली होती.

काकांनी गुंडाळी टेबलावर पसरली. बाविसाव्या आणि तेविसाव्या चौकोनाच्या मधोमध बोट ठेवलं, आणि तिथून ती उलटी दुमडली. अर्धी पट्टी अर्ध्या पट्टीवर आली. मग त्यांनी वरचा कागद जरासा उचलून दाखवला. लाल झाड बरोबर लाल झाडावर आलं होतं.

“टपाल लावताना आम्ही चालायच्या क्रमाने लावतो,” ते सांगू लागले. “डावीकडची घरं वर जाताना, एक ते बावीस. उजवीकडची खाली येताना, तेवीस ते चव्वेचाळीस. म्हणजे अकराच्या समोर चौतीस. दोन्ही आकड्यांची बेरीज पंचेचाळीस आली, की ती घरं समोरासमोर. हे मला वाटलं... हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.”

एकतीस वर्षं जो माणूस एकाच क्रमाने चालला, त्याला ते सगळ्यांना माहीत आहे असंच वाटणार. ज्या घरातली फोडणी समोरच्या खिडकीत ऐकू येते, ते घर त्यांच्या कागदावर पार दुसरीकडे होतं. त्यांची बाकं गल्लीच्या बरोबर मध्यावर हवी होती, समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. आणि मी त्यांच्यामध्ये अर्धी गल्ली घातली होती.

मी टेबलाचा खण लावला आणि त्यांच्याबरोबर निघाले. पाच महिने उशिराची स्थळपाहणी.

ती गल्ली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पायथ्याशी पाण्याचा नळ, मग चढ, तीन ठिकाणी पायऱ्या. गाडी जाणं शक्यच नाही. दोन्हीकडे घरं एकमेकांना टेकून उभी. सकाळचं ऊन छपरांवर होतं, खाली अजून गारवा होता. काका डाव्या भिंतीच्या कडेने चालत होते आणि त्यांचा उजवा हात मधूनमधून नकळत पुढे व्हायचा, जणू बोटांत पत्र आहे. चालता चालता ते हळू आवाजात सांगत होते: इथली मुलगी परदेशी गेली, तिची पत्रं निळ्या पाकिटात यायची. इथे एक मास्तर स्वतःलाच पत्र टाकायचे, दर महिन्याला, आणि दारात उभं राहून वाट बघायचे. ते ऐकत चालताना मला गुंगी आल्यासारखं झालं. घरं उभी होती, दारं बंद होती, आणि तरी सगळ्या दारांत कुणीतरी उभं असल्याचं वाटत होतं.

काकूंनी मला नंतर सांगितलं, की निवृत्त झाल्यापासून काका दुपारी आडवे झाले की डोळे मिटून टपाल वाटतात. बोटं हलतात, ओठ हलतात. काकू बाजूला शिलाई करत असतात आणि त्यांना ओठांवरून कळतं, स्वारी कुठवर पोचली. बाविसाला ते नेहमी थांबतात आणि कूस बदलतात, कारण तिथून उतार लागतो. “मध्येच उठवलं तर चिडतात हो,” त्या म्हणाल्या. “म्हणतात, अर्ध्या गल्लीचं टपाल राहिलं.”

बावीस नंबरचं घर काकूंच्या थोरल्या बहिणीचं. सगळी गल्ली त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही म्हणते. काकू पायथ्याशी, ताई माथ्यावर. लग्नं झाल्यापासून दोघी रोज चार वाजता भेटायच्या, एक दिवस वरच्या घरी चहा, एक दिवस खालच्या. चाळीस वर्षं. मग काकूंच्या छातीचं दुखणं निघालं. शर्टांच्या कॉलरी शिवून शिवून फुप्फुसांत कापसाची धूळ गेली असं डॉक्टर म्हणाले. चढ बंद. त्याच सुमाराला ताईंचे गुडघे गेले. उतार बंद. एकदा शेजाऱ्यांनी काकूंना खुर्चीत बसवून वर न्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या पायऱ्यांशी खुर्ची कलली आणि काकू किंचाळल्या. “मी काय कपाट आहे?” खाली ठेवल्यावर त्या म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

फोन होता. पण ताईंना ऐकू येईनासं झालं. मग काका कामाला लागले. निवृत्त पोस्टमनला दोन पत्रांचा धंदा मिळाला, सकाळी एक वर, एक खाली. दीड वर्ष हे सुरळीत चाललं. मग ताईंना जवळचं अक्षर लागेना. लांबचं दिसायचं, समोरच्या डोंगरावरचं झाड दिसायचं, हातातला कागद मात्र नुसता पांढरा. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा काका चिठ्ठी वाचून दाखवू लागले, म्हणजे ताईंच्या बहिऱ्या कानाशी ओरडू लागले.

“धाकटी विचारतेय, पोट साफ होतं का!” हे वाक्य तिसऱ्यांदा गेलं तेव्हा चार घरं खालून उत्तर आलं, “हो म्हणाव! आता बास करा!”

गल्ली हसली. ताई नाही हसल्या. “पोस्टमन,” त्या मेव्हण्यांना याच नावाने हाक मारायच्या, “आता वाचू नका. नुसती देऊन जा.” त्यानंतर काकू लिहीत राहिल्या, काका नेत राहिले आणि ताई न वाचलेल्या चिठ्ठ्या उशीखाली ठेवत राहिल्या. काकूंना हे माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, “काय म्हणाली?” आणि काका रोज काहीतरी बनवून सांगायचे. आयुष्यभर एक पत्र न चुकवलेला माणूस, आता रोज खोटं टपाल आणत होता. त्यांना ते सहन होईना. म्हणून तो अर्ज. दोघी बहिणींना निम्म्या वाटेवर, एकमेकींच्या कानाशी बोलता येईल इतक्या जवळ आणायचं, बस. झाडं मागितली कारण योजना पर्यावरणाची होती, आणि कारण मध्यावर ऊन फार लागतं हे त्यांच्या टाळूला माहीत होतं.

हे सगळं त्यांनी मला खालच्या बाकाशी उभं राहून सांगितलं. माझी मान वर होईना. बाक जमिनीत पक्कं रोवलेलं होतं. शेजारच्या मातीच्या चौकोनात वीतभर रोप, त्याला काठीचा आधार. आमचा ठेकेदार एरवी कामचुकार, पण नेमकं हे काम त्याने चोख केलं होतं.

“मी हलवायचा प्रस्ताव टाकते,” मी म्हटलं. “वर्षभर बदल करता येत नाही, पण मी भांडेन.”

“वर्षभर,” काका म्हणाले. तेवढंच.

तेवढ्यात खालच्या घराचं दार उघडलं. काकू बाहेर आल्या. पिवळी शाल, हातात काठी. आमच्याकडे न बघता त्या भिंतीला हात लावत चढू लागल्या. काका धावले तर त्यांनी काठी उगारली. दहा पावलं, थांबल्या. पुन्हा दहा. मी इतकी सावकाश चाल कधी पाहिली नव्हती. बाकाशी पोचल्या आणि बसल्या. श्वास लागला होता, पण चेहरा लाल झाला होता तो आनंदाने.

“अडीच-तीन वर्षांत एवढी वर आले नव्हते,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही का ते पालिकेच्या बाई? बाक छान आहे हो. अगदी माझा दम संपतो तिथेच लावलंत.”

काकांनी बाक मध्यावर मागितलं होतं. मध्यापर्यंत काकूंना जाताच आलं नसतं. एकतीस वर्षं चढलेल्या पायांनी ते अंतर मोजलं होतं, आणि त्या पायांना कळलंच नव्हतं की बायकोचा दम निम्म्या चढाआधीच संपतो. माझ्या चुकीने बाक तिच्या दमाइतकं खाली आणलं होतं. मी हे मोठेपण म्हणून सांगत नाही. आंधळ्याच्या हातून दगड लागला, एवढाच त्यात माझा वाटा.

काका वर गेले. बऱ्याच वेळाने बाविसाचं दार उघडलेलं दिसलं. ताई काकांच्या खांद्याला धरून, एकेक पायरी आडव्या पायाने उतरत, वरच्या बाकापर्यंत आल्या आणि बसल्या. मध्ये अर्धी गल्ली. काकूंनी पिवळी शाल काढून हातात धरली आणि हलवली. ताईंना जवळचं दिसत नव्हतं, लांबचं दिसत होतं. त्यांनी पाहिलं. आधी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, मग पदराचं टोक उचलून हलवलं.

त्या तशाच बसल्या, ऊन बाकांवर येईपर्यंत. हाक नाही, खूण नाही. मला कार्यालयात जायचं होतं, गेले नाही. पायरीवर बसून राहिले. एका घरातून कपडे धुतल्याचा आवाज येत होता, कुणाची तरी मांजर मध्यावरून सावकाश इकडून तिकडे गेली. इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. उठताना मी काकूंना पुन्हा म्हटलं, प्रस्ताव टाकते.

“हलवू नका,” त्या म्हणाल्या. “हलवाल तर बघा.”

त्यानंतर मी रोज सकाळी कार्यालयात जाताना वाट वाकडी करून त्या गल्लीतून जायला लागले. रोज दोघी आपापल्या बाकावर. चौथ्या दिवशी काकू बाकापासून पुढे सात पावलं गेल्या आणि परत येऊन बसल्या. पाचव्या दिवशी बारा. वरून ताईही उतरत होत्या, दोन पायऱ्या, मग तीन. कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतले लोक आपापल्या दारांत दात घासत उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. याच लोकांनी एरवी एकमेकांच्या कचऱ्यावरून माझ्याकडे अर्ज केलेले होते.

सोळाव्या दिवशी त्या भेटल्या.

अकरा आणि चौतिसाच्या मधोमध, जिथे बाक नव्हतं, झाड नव्हतं, काहीच नव्हतं. नुसतं काँक्रीट. काकू काठीवर भार देऊन उभ्या, ताई काकांच्या खांद्यावर. ताईंनी हात पुढे करून धाकटीचा दंड चाचपला. मग ताई म्हणाल्या, आणि बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो, “किती वाळलीस गं!”

काकूंनी मान जवळ नेली. ताईंच्या कानाला जवळजवळ ओठ लावले आणि बोलू लागल्या. किती वेळ बोलत होत्या मी घड्याळ बघितलं नाही. ताई मध्येच हसल्या, मध्येच त्यांनी डोळे पुसले, मग धाकटीच्या पाठीत एक धपाटा घातला. सगळी गल्ली कान देऊन उभी होती आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही. महिनोन् महिने त्या दोघींचं सगळं ऐकलेल्या गल्लीला, पहिल्यांदाच, काहीही ऐकू आलं नाही.

नंतर ताईंनी कमरेच्या पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून काकूंच्या हातात ठेवला. न उघडलेल्या. काकूंनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग काकांकडे. काका भिंतीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता काही खरं नाही.

“रोज काय काय सांगायचे मला,” काकू म्हणाल्या. “ताई असं म्हणाली, ताई तसं म्हणाली. मला कळायचं हो. ताई कधी कुणाला ‘काळजी घे’ म्हणालीय का जन्मात?”

“मग बोलली का नाहीस?” काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तुम्ही इतकं मनापासून सांगायचात. ऐकायला बरं वाटायचं.”

मी तिथून निघाले, कारण मला रडू येत होतं आणि मला लोकांसमोर रडायला आवडत नाही.

महिन्याभराने काका कार्यालयात आले. मी खुर्ची ओढून दिली, या वेळी ते बसले. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. गुंडाळी नव्हती, एकच चौकोनी कागद. दोन्ही बाजूंना बावीस बावीस घरं, समोरासमोर, अकराच्या समोर चौतीस. दोन बाकं जिथे आहेत तिथे. आणि मध्ये, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, एक रुंद कोरी पट्टी.

“नवीन अर्ज आहे का? मध्यावर काही हवंय?” मी विचारलं.

“नाही. काही नको तिथे. दोघी उभ्याच बोलतात, बसायला नको म्हणतात.” त्यांनी त्या कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं. “एकतीस वर्षं मी डावीकडून चढलो आणि उजवीकडून उतरलो, बाई. दारं सोडून काही पाहिलं नाही. ही मधली जागा माझ्या नकाशात नव्हतीच. जुनी गुंडाळी चुकीची होती. फाइलला ही लावा.”

ते गेल्यावर मी फाइल काढली. कागद लावला. अर्जाच्या पाठीवर माझी जुनी खूण होती, ‘स्थळपाहणी केली’, पुढे सही आणि खोटी तारीख. ती तारीख खोडली आणि दोघी भेटल्या त्या सोळाव्या दिवसाची घातली. तिच्या खाली पुन्हा सही केली.